खुब्याचा आर्थरायटिस, चालणं कमी करा म्हणाले, मग वजन उतरवायचं कसं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. वय ५३, सांगलीत हायस्कूलला शिकवते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ७८ किलो. गेलं वर्षभर डावी जांघ दुखते, कधीकधी मांडीच्या पुढच्या बाजूने कळ थेट गुडघ्यापर्यंत येते, त्यामुळे घरात सगळे म्हणत होते गुडघा गेला असणार. एक्सरे काढला तर गुडघा ठीक आणि झीज निघाली खुब्यात, ग्रेड ३ म्हणाले.

आता काय काय होत नाही ते सांगते. सकाळी उठल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं पाय आखडलेला असतो. डाव्या पायाची नखं कापता येत नाहीत, सँडलचा पट्टा लावायला मुलीला हाक मारावी लागते, स्कूटीवरून उतरताना पाय पलीकडून आणायचा म्हणजे दात ओठ खाऊन. सलग तीन तास वर्गात उभं राहिलं की चौथ्या तासाला लंगडत जाते हे आता विद्यार्थ्यांच्याही लक्षात यायला लागलंय.

दाखवलं त्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, वजन कमी करा, चालणं आणि जिने कमी करा, मांडी घालून बसू नका, गोळ्या लिहून देतो, दोन-तीन वर्षांनी ऑपरेशनचं बघू. वजन कमी कसं करायचं हे विचारलं तर म्हणाले खाणं कमी करा. मी रोज सकाळी आमराईत चालायला जायचे, ते बंद केलं. तेव्हापासून वजन तीन किलो वाढलंय आणि पाय आधीपेक्षा जास्त आखडतो. मला खरंच कळत नाहीये, चालू नको आणि वजनही उतरव, हे दोन्ही एकदम कसं जमवायचं? कोणी या प्रकारातून गेलंय का? इथे कोणी फिजिओ असतील तर प्लीज सविस्तर सांगा. ऑपरेशनची भीती वाटत नाही पण इतक्या लवकर नको वाटतंय.

फिजिओ_नाशिक:
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला तपासलेलं नाही त्यामुळे जे लिहितोय ते सर्वसाधारण आहे एवढं धरून चाला. पण तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट आधी मोकळी करतो: वजन उतरेपर्यंत व्यायाम थांबवायचा नसतो. उलट व्यायाम पहिला, वजन त्याच्या बरोबरीने. चालणं पूर्ण बंद केल्यावर पाय जास्त आखडतो हा तुमचा अनुभव अगदी बरोबर आहे, कारण सांध्याची हालचाल थांबली की तो आणखी घट्ट होत जातो आणि भोवतीचे स्नायू बारीक होतात. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना वाचल्या तर झिजेच्या संधिवाताला पहिले उपाय म्हणून व्यायाम, वजन आणि नीट माहिती ह्याच गोष्टी दिल्यात, गोळ्या त्यांना जोड म्हणून, त्यासुद्धा कमीत कमी डोस आणि कमीत कमी दिवस.

आता खुब्यात नेमकं काय चालतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला क्षणभर एकाच पायावर उभे असतो. त्या क्षणी कमरेचं हाड दुसऱ्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू, ग्लुटिअस मीडिअस, जोरात ओढून धरतो. पण त्याची ओढ सांध्याच्या अगदी जवळून लागते आणि शरीराचं वजन लांबून, त्यामुळे त्याला वजनापेक्षा बऱ्याच जास्त ताकदीने ओढावं लागतं, आणि ती सगळी ओढ अधिक वजन असा भार सांध्यावर येतो. बर्लिनमध्ये संशोधकांनी काही पेशंट्सना बसवलेल्या कृत्रिम खुब्यातच सेन्सर ठेवून हे मोजलंय, साध्या चालीने चालताना भार शरीराच्या वजनाच्या जवळजवळ अडीच पट, जिना उतरताना त्याहून थोडा जास्त. म्हणजे एक किलो उतरलं की प्रत्येक पावलामागे दोन-अडीच किलो भार कमी. आणि दुसरी बाजू अशी की तो स्नायू दुबळा पडला की माणूस डोलत, लंगडत चालतो, तुम्ही चौथ्या तासाला चालता तसं. दिवसाच्या शेवटी स्नायू थकतो म्हणून लंगडणं वाढतं. झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, व्यायामाने परत येत नाही, पण हा स्नायू मात्र पन्नाशीतच काय सत्तरीतही मजबूत होतो.

व्यायाम कोणते? ह्यातले बहुतेक घरी करता येतात.
उताणं झोपून गुडघे वाकवून पाय गादीवर टेकवायचे आणि कंबर वर उचलायची, पाच सेकंद धरायची, सावकाश खाली.
उजव्या कुशीवर भिंतीला पाठ लावून झोपायचं, डाव्या पायाची टाच भिंतीला टेकलेली ठेवून पाय भिंतीवरून वर सरकवायचा. ही टाच भिंतीला लावण्याची गोष्ट महत्त्वाची, कारण नाहीतर पाय नकळत पुढे येतो, चवडा छताकडे वळतो आणि काम मांडीच्या पुढचा स्नायू करून टाकतो, ज्याला करायचंय तो तसाच राहतो. माझ्याकडे येणारे निम्मे लोक हा व्यायाम ‘रोज करतो’ म्हणतात आणि करून दाखवतात तेव्हा चवडा वर असतो.
खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं. खुर्ची सखल असेल तर वर जाडसर उशी ठेवा, ताकद आली की उशी काढा.
ओट्याला हात लावून दुखऱ्या पायावर थोडं थोडं वजन देत एका पायावर उभं राहणं, कंबर कलू न देता. कुकरच्या शिट्या होईपर्यंत सुद्धा होतो हा व्यायाम.
शेवटी जिन्याची सगळ्यात खालची पायरी चढणं-उतरणं.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस गॅप देऊन, प्रत्येक व्यायाम १०-१२ वेळा, दोन-तीन फेऱ्या. शेवटचे दोन-तीन रिपिटेशन जड गेले पाहिजेत, सहज होत असतील तर रबरी पट्टा लावा नाहीतर पायाला वजन बांधा. वाढवत नेलं नाही तर उपयोग होत नाही, आणि फरक जाणवायला आठ ते बारा आठवडे लागतात, पहिल्या पंधरा दिवसांत सोडू नका.

दुखण्याबद्दल: शून्य ते दहा असं मोजा. व्यायाम करताना पाचपर्यंत दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत दुखणं नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर पुढच्या वेळी कमी करा, बंद करू नका. थोडं दुखलं म्हणजे झीज वाढली असं नाही, हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो कारण ह्या भीतीनेच लोक खुर्ची धरतात.

ओडेन्सेकर:
फिजिओदादांच्या प्रतिसादाला +१. मी बरीच वर्षं डेन्मार्कमध्ये आहे, उजवा खुबा. इथे डॉक्टरांनी सर्जनकडे न पाठवता आधी ग्लॅड नावाच्या कार्यक्रमाला पाठवलं. २०१३ मध्ये इथल्याच साउदर्न डेन्मार्क विद्यापीठातल्या लोकांनी सुरू केलेला हा कार्यक्रम आहे, गुडघा आणि खुबा दोन्हीसाठी. आधी माहितीचे दोन क्लास आणि मग सहा आठवड्यांत बारा वेळा फिजिओच्या देखरेखीखाली व्यायाम. आता तो कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांतही चालतो. वर जो पाचपर्यंत दुखण्याचा नियम लिहिलाय तो आम्हाला तिथे सिग्नलच्या तीन रंगांत शिकवला होता. व्यायाम दिसायला अगदी साधे पण समोर आरसा असायचा आणि गुडघा पंजाच्या रेषेत राहतोय का, कंबर कलतेय का यावर त्यांची सारखी नजर. मला सगळ्यात जास्त फायदा त्या आरशाचा झाला असं वाटतं. ताई, घरी कपाटाचा आरसा असेल तर त्यासमोरच करा.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०२४ मध्ये इथल्याच लोकांचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आला, पन्नाशीच्या पुढचे आणि खुब्याची झीज फार झालेले १०९ लोक, निम्म्यांना सांधा बदलायचं ऑपरेशन, निम्म्यांना वजनं लावून स्नायूंचा व्यायाम. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाले स्पष्टपणे पुढे होते, दुखणं आणि हालचालीच्या ४८ गुणांच्या मोजणीत त्यांची सुधारणा सुमारे १६ गुणांची आणि व्यायामवाल्यांची साडेचारची. त्याच वेळी व्यायामवाल्यांतल्या साधारण पाचातल्या एकानेच तोवर ऑपरेशन करून घेतलं होतं, बाकीचे थांबू शकले. मला ह्यातून एवढंच कळलं की झीज शेवटच्या टप्प्याला गेली असेल तर व्यायामाकडून ऑपरेशनइतकी अपेक्षा ठेवू नये, आणि तिथवर गेलेली नसेल तर ऑपरेशनची घाई करू नये. तुमचं वर्णन वाचून, रात्री झोप लागत असेल तर, तुम्ही दुसऱ्या गटात असाव्यात असं वाटतं.

चुलीपासून_चार_हात:
कृष्णाकाठ ताई, मी डाएटिशियन आहे, खाण्याचं मी लिहिते. ‘खाणं कमी करा’ हा सल्ला मला अजिबात आवडत नाही, कारण बायका मग पहिल्यांदा दूध, डाळ, उसळ कमी करतात आणि चहा-बिस्किटं तशीच राहतात. नुसती उपासमार केली की चरबीबरोबर स्नायूही जातात आणि तुम्हाला तर खुब्याचा स्नायू वाढवायचाय.

ध्येय छोटं ठेवा. नाइसच्याच सूचनांमध्ये आहे की कितीही वजन उतरलं तरी फायदा, पण दहा टक्के उतरलं तर पाच टक्क्यांपेक्षा जास्त. तुमच्या हिशोबाने पाच टक्के म्हणजे चार किलो, दहा म्हणजे आठ. आठवड्याला अर्धा किलो सुद्धा भरपूर झालं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३१ च्या वर येतोय आणि आपल्याकडे भारतीयांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा धरतात, तेव्हा उतरवायला वाव आहे.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्या जेवणात तीन जागा बघा. एक, तेल. कट, तर्री, फोडणी. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. तेलाची बुधली थेट कढईत उपडी न करता चमच्याने मोजून घाला, आणि महिन्याचं तेल घरात माणशी अर्धा लिटरच्या आत बसतंय का ते किराण्याच्या यादीवरून बघा. दोन, दाण्याचं कूट. दाणे वाईट नाहीत, प्रोटीन आहे, पण मूठभर दाणे म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी, आणि कूट भाजीत घातलं की किती गेलं ते कळतच नाही, वर ताटात शेंगदाण्याची चटणी वेगळी. दोन्हींपैकी एक. तीन, चहा. शिक्षकांच्या स्टाफरूममध्ये दिवसातून चार चहा होतात, प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर दीडशेच्या वर कॅलरी नुसत्या साखरेच्या.

आणि वाढवायचं काय ते जास्त महत्त्वाचं. प्रत्येक जेवणात प्रोटीन दिसलं पाहिजे. सकाळी पोहे असतील तर त्यात मोड आलेली मटकी किंवा बाजूला दोन अंडी (एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन), दुपारी डब्यात उसळ किंवा पिठलं आणि सोबत दही, रात्री भाकरी एक कमी पण डाळ एक वाटी जास्त आणि घट्ट. शाकाहारी असाल तर पनीर, सोयाबीन आठवड्यातून दोन-तीनदा आणा. ज्वारीची भाकरी चांगलीच पण ‘ज्वारीची आहे’ म्हणून तीन खाल्ल्या तर वजन उतरत नाही हो. उपास करत असाल तर साबुदाणा खिचडीचा विचार करा, साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, त्यात तूप, दाणे, बटाटा, तो उपास नेहमीच्या जेवणापेक्षा जड पडतो. वरई-आमटी किंवा राजगिरा आणि दूध बरं. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. वजन उतरल्याने दुखणं कमी होतं ह्याचे भक्कम पुरावे गुडघ्याचे आहेत, खुब्याचे तेवढे नाहीत. मेलबर्नच्या एका अभ्यासात खुबा दुखणाऱ्या लोकांना खूप कमी कॅलरीचा आहार आणि व्यायाम दोन्ही दिले, वजन चांगलं उतरलं, पण सहा महिन्यांनंतर दुखणं नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा फार वेगळं नव्हतं. म्हणून काटा हलला नाही तर खचू नका आणि चार किलो उतरूनही पाय दुखतोच आहे म्हणून चिडून सोडूही नका. शुगर, बीपी, दुसरा खुबा, गुडघे, पुढे ऑपरेशन झालंच तर त्यातून सावरणं, ह्या सगळ्यासाठी ते वजन उतरलेलं हवंच आहे.

ठाण्याचा_सायकलवाला:
ताई माझं वय ६१, दोन्ही खुबे. थोडक्यात लिहितो. चालणं बंद करण्याऐवजी तुकडे करा, सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, सपाट रस्त्यावर, चांगल्या मऊ तळव्याच्या बुटात, चपलेत नाही. दम लागण्यासाठी जागेवरची सायकल घ्या, सीट उंच ठेवा म्हणजे पायडल खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ होतो आणि वर येताना खुबा फार दुमडत नाही, जांघेत चिमटा बसतो तो सीट सखल असल्यामुळे. जवळ महापालिकेचा पूल असेल आणि महिलांची बॅच असेल तर छातीभर पाण्यात नुसतं चालायचं, पोहता आलं पाहिजे असं काही नाही. पाण्यात मला ज्या हालचाली होतात त्या जमिनीवर होत नाहीत. ब्रेस्टस्ट्रोकची लाथ मात्र मला त्रास देते, ती टाळतो.
घरात: कमोडवर उंच सीट बसवून घ्या, बेडची उंची वाढवा, लांब दांड्याचा शूहॉर्न आणा. स्कूटीवर बसताना आणि उतरताना फूटपाथच्या कडेला गाडी लावून उंचीचा फायदा घ्या. वर्गात मागे उंच स्टूल ठेवून अर्धवट टेकून शिकवा, शाळेने नाही म्हणू नये.

वर्ध्याहून:
एक पुस्ती जोडते, ताईंच्या एक्सरेत झीज दिसलीय म्हणजे त्यांना लागू नाही, पण धागा इतर लोक वाचतील म्हणून. तिशी-चाळिशीतल्या माणसाची जांघ दुखत असेल तर झीज समजून व्यायाम सुरू करू नका. आमच्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार भरपूर आहे आणि त्यात मांडीच्या हाडाच्या खुब्यातल्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटून हाड मरतं, एव्हीएन म्हणतात त्याला. जास्त दिवस स्टिरॉइड घेतलेल्यांना आणि दारू जास्त असणाऱ्यांनाही होतं. सुरुवातीला एक्सरेत दिसत नाही, एमआरआय लागतो. माझ्या भावाचं सहा महिने कंबरदुखी म्हणून शेकत बसले होते.
तसंच ताप, अचानक पायावर वजनच टाकता न येणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, ह्यात थांबू नका, लगेच दाखवा.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. रात्री झोप लागते, कुशीवर वळताना जाग येते एवढंच. कालपासून आमराईत पुन्हा पंधरा मिनिटं सुरू केलंय आणि भिंतीला टाच लावून करून बघितलं, खरंच चवडा वर जात होता आणि नीट केल्यावर पाच वेळातच बाहेरच्या बाजूला भरून आलं.
अजून तीन शंका आहेत फिजिओदादा. सूर्यनमस्कार बारा घालायचे, ते चालू ठेवू का? मेडिकलवाल्याने ग्लुकोसामीन, सांध्यांसाठी म्हणून विकतात ती पूरक गोळी, दिलंय, महाग आहे, घेऊ का? आणि परीक्षेच्या सुपरव्हिजनला तीन तास फिरावं लागतं तेव्हा काठी घेतली तर चालेल का, बहीण म्हणते काठीची सवय लागते.

फिजिओ_नाशिक:
ताई, बाहेरच्या बाजूला भरून आलं म्हणजे योग्य स्नायू काम करतोय, छान.

सूर्यनमस्कार: झिजलेला खुबा आधी आतल्या बाजूला फिरायचा कमी होतो आणि मग खोल वाकायचा. पाय पुढे टाकून खोल बसण्याची जी पायरी आहे तिथे जांघेत चिमटा बसेल. खुर्चीवर हात टेकून, पाऊल लहान टाकून करा, डावा पाय मागे जाणारी बाजू सहसा त्रास देत नाही. मलासन, पद्मासन, जमिनीवर मांडी सध्या बाजूला ठेवा. हळदीकुंकवाला खुर्ची मागून घ्या, त्यात संकोच नको.

ग्लुकोसामीन: माझं मत ‘घेऊ नका’ असं आहे, नाइसनेही देऊ नये असंच म्हटलंय. ते पैसे दोन-तीन महिने फिजिओकडे प्रत्यक्ष जाण्यात घाला. खुबा खोल असल्यामुळे वरून लावायच्या जेलचाही गुडघ्याइतका उपयोग होत नाही. दुखण्याच्या गोळ्या रोजच्या रोज स्वतःच्या मनाने घेऊ नका, विशेषतः बीपीची गोळी चालू असेल तर, किडनीवर येतं.

काठी: नक्की घ्या. पण डावा खुबा दुखतोय म्हणून काठी उजव्या हातात. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूला धरतात आणि त्याने फायदा होत नाही. उजव्या हाताने काठीवर दिलेला थोडासा दाबही त्या बाहेरच्या स्नायूचं काम बरंच हलकं करतो, कारण तो सांध्यापासून लांबून लागतो. डावा पाय आणि काठी एकदम पुढे टाकायची. उंची अशी: बूट घालून सरळ उभं राहा, हात मोकळा सोडा, मनगटाची रेघ जिथे येते तिथे काठीची मूठ. खाली रबराचं बूच नवं असू द्या, शाळेच्या फरशीवर सटकायला नको. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा किंवा भाजीची पिशवी घ्यावीच लागली तर डाव्या हातात, दुखऱ्या बाजूलाच, कारण उजव्या हातातलं ओझं डाव्या खुब्याला दुप्पट कामाला लावतं. जड असेल तर सरळ पाठीवरची सॅक. सवय लागायचं म्हणाल तर स्नायूंचा व्यायाम चालू असेल तोवर काठीने कोणी दुबळं होत नाही, लंगडत चालण्याने मात्र कंबर आणि दुसरा गुडघा दोन्ही धरतात.

तीन महिने हे नेटाने करून बघा, मग पुन्हा ऑर्थोपेडिकला दाखवा. त्याआधी रात्रीची झोप मोडायला लागली किंवा घराबाहेर पडणंच टळायला लागलं तर तीन महिने थांबू नका, सर्जनचं मत घ्या.